कोरड्या विहिरीत हीट पाइप सोडून त्याची परीक्षा होईल का?

प्रश्न असा आहे. रत्नागिरीत यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या चार मुलांनी तांब्याच्या नळीचा पल्सेटिंग हीट पाइप बनवला आहे. हीट पाइप म्हणजे आतल्या द्रवाच्या आणि वाफेच्या ये-जेनं तापल्या टोकाची उष्णता थंड टोकाला नेणारी बंद नळी. नळीचा आतला व्यास २ मिलिमीटर, आत पाणी, तापणाऱ्या टोकाला ३०० ग्रॅमचा तांब्याचा ठोकळा आणि ४० वॅटचा हीटर. गुरुत्व नसताना हा चालेल का, हे त्यांना तपासायचं आहे. काही सेकंद गुरुत्व नाहीसं करणाऱ्या खास विमानातली चाचणी परवडणारी नाही. एकाच्या आजोळी सड्यावर ४० फूट खोल विहीर आहे, ती एप्रिलपासून कोरडी असते. तिच्यात पाइप ठेवलेलं खोकं सोडून पाहिलं तर काही हाती लागेल का?

लागेल. मात्र हाती येईल ती पाण्याच्या हालचालीची माहिती. उष्णता किती वाहिली, या प्रश्नाला विहीर उत्तर देऊ शकत नाही. हे आधी मनाशी पक्कं करा, नाहीतर अख्खा मे महिना उन्हात खपून शेवटी सपाट आलेख घेऊन घरी याल. मी उपग्रहांच्या उष्णता-नियंत्रणात बरीच वर्षं काढली, आता गुहागरजवळ घरी असतो. तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सेकंदांचा हिशेब, कारण खोकं मोकळं पडत असतं तेवढाच वेळ आतल्या पाण्याला गुरुत्व जाणवत नाही. ४० फूट म्हणजे १२.२ मीटर. खाली खोकं झेलायला गादी लागेल, खोक्याची स्वतःची उंची आहे. ते वजा केलं की मोकळं पडायला साडेदहा मीटर उरतात, म्हणजे १.४६ सेकंद. आता तुमचा ठोकळा. ३०० ग्रॅम तांबं एक अंशानं तापायला साधारण ११५ ज्यूल लागतात. समजा, खोकं सुटल्या क्षणी आतलं पाणी जागच्या जागी थिजलं आणि उष्णता पुढे जायची पार थांबली. तरीही ४० वॅटला ठोकळा सेकंदाला एक तृतीयांश अंश तापेल, दीड सेकंदात अर्धा अंश. साध्या थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडीची, चूकही तेवढी असते. म्हणजे उत्तम चाललेला पाइप आणि पूर्ण बंद पडलेला पाइप, दोघांचा तापमानाचा आलेख तुम्हाला सारखाच दिसेल.

ही अडचण विहीर लहान म्हणून येते असं नाही. जर्मनीत ब्रेमेनला १४६ मीटर उंचीचा मनोरा आहे, त्यातल्या निर्वात नळीत ११० मीटर पडायला मिळतं, ४.७४ सेकंद. तळातून वर उडवून परत झेललं तर ९.३ सेकंद. तिथेही कोणी हीट पाइपचं स्थिर तापमान मोजायला जात नाही. ज्या गोष्टी सेकंदाच्या आत घडतात त्या बघायला लोक तिथे जातात.

तुमच्या पाइपमध्ये अशा गोष्टी आहेत, आणि म्हणूनच मी हो म्हणतोय. नेहमीच्या हीट पाइपला आतून वात असते. समईची वात जसं तेल वर ओढते तशी ही वात थंड टोकाकडचं द्रव तापल्या टोकाकडे ओढून आणते, तिथे त्याची वाफ होते, वाफ थंड टोकाला जाऊन पुन्हा द्रव होते. समईत तेल खाली गेलं की ज्योत आधी बारीक होते आणि मग वात जळायला लागते. हीट पाइप नेमका असाच मरतो, त्याला आम्ही 'ड्राय-आउट' म्हणतो. पल्सेटिंग हीट पाइपला वातच नाही. जपानमध्ये हिसातेरू अकाची यांनी १९९० च्या सुमारास तो पुढे आणला: एकच बारीक नळी नागमोडी वळवायची, अर्धी द्रवानं भरायची, हवा काढून बंद करायची. आत पाण्याचा तुकडा, वाफेचा तुकडा, पुन्हा पाण्याचा तुकडा अशी माळ तयार होते. एका बाजूची वाफ फुगते, दुसऱ्या बाजूची आकसते आणि सगळी माळ मागेपुढे हेलकावे खात उष्णता वाहते. जत्रेत पत्र्याची बोट मिळते ना, आत छोटी ज्योत ठेवली की टकटक करत पाण्यात चालणारी, तिच्या नळ्यांत हेच चाललेलं असतं. हे हेलकावे सेकंदाला एकदोन ते काही, इतक्या वेगाचे असतात. १.४६ सेकंदात त्यांतले एकदोन तरी नक्की सापडतील. आणि आजचा साधा फोन सेकंदाला २४० चित्रं टिपतो, म्हणजे एका उडीत साडेतीनशे चित्रं.

त्यासाठी नळीच्या मधल्या भागात, जिथे तापवणंही नाही आणि थंड करणंही नाही, तिथे दोनतीन ओळींत त्याच व्यासाची काचेची नळी बसवा. तांबं आणि काचेच्या सांध्यातून हवा आत शिरते, त्यावर सगळ्यात जास्त वेळ जाईल हे धरून चाला. हवा शिरली की ती थंड टोकाला जाऊन बसते, ते टोक नको तितकं गार लागतं, आणि तुम्ही त्याचं खापर गुरुत्वावर फोडता. पाइप भरल्यावर चार दिवस तसाच ठेवून पुन्हा तीच चाचणी घ्या. आकडे हलले असतील तर सांधा गळतोय.

आता तुमच्या पाइपमध्ये गुरुत्व नेमकं कुठे बसलंय ते बघू. पाण्याचा पृष्ठताण आणि त्याचं वजन यांची रस्सीखेच जिथे बरोबरीत सुटते ती लांबी साधारण २.७ मिलिमीटर. याच्या दुपटीपर्यंत, म्हणजे पाच-साडेपाच मिलिमीटर व्यासापर्यंत, पाण्याचा तुकडा नळी भरून राहतो. त्याहून जाड नळीत पाणी तळाशी बसतं आणि वाफ वरून निघून जाते. तुमची नळी २ मिलिमीटरची, म्हणजे नळीच्या आडव्या बाजूनं गुरुत्वाची सत्ता जमिनीवरच संपलेली आहे. उरतं ते उंचीच्या दिशेनं. पाइप उभा २० सेंटिमीटरचा असेल तर तेवढ्या पाण्याच्या स्तंभाचा दाब २ किलोपास्कल. ६० अंशाच्या आसपास पाण्याच्या वाफेचा दाब अंशागणिक जवळजवळ १ किलोपास्कल बदलतो. म्हणजे गुरुत्व तुम्हाला दोन अंशांच्या तापमान-फरकाइतकी मदत करतं, किंवा तापलं टोक वर करून पाइप उलटा धरला तर तेवढाच विरोध. खोकं सुटलं की हे दोन अंश एका क्षणात नाहीसे होतात. पाण्याचे तुकडे तेव्हा काय करतात, किती मिलिमीटर सरकतात, हेलकावा वाढतो की मंदावतो, हे तुम्हाला विहीर दाखवेल. मला विचाराल तर शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला एवढा प्रश्न भरपूर आहे.

जाड नळीची गोष्टही या निमित्तानं सांगून टाकतो. इटलीतल्या काही गटांनी मुद्दाम ३ मिलिमीटरच्या नळीत एफसी-७२ नावाचं द्रव भरलं. त्या द्रवाचा पृष्ठताण इतका कमी की जमिनीवर दीड-पावणेदोन मिलिमीटरपुढे तुकड्यांची माळ बनतच नाही. जमिनीवर तो पाइप नुसता खालून तापणाऱ्या साध्या नळीसारखा वागतो, आणि गुरुत्व गेल्यावर त्याच नळीत माळ तयार होऊन तो पल्सेटिंग होतो. असा पाइप विहिरीत सोडला तर बदल डोळ्यांदेखत होताना दिसेल. पहिला पाइप नीट चालला तर दुसरा असा करून बघा. एफसी-७२ महाग वाटलं तर इथेनॉल घ्या, त्याची मर्यादा साधारण ३.४ मिलिमीटर येते, म्हणजे ४ मिलिमीटरची नळी हवी.

पण विहिरीआधी फळी. हे मी आग्रहानं सांगतोय. पाइप सपाट पाटीवर बसवा, पाटीखाली पाचर सारा आणि कोन बदलत जा. आडवा, उभा, उलटा, आणि मधले कोन. ९.५ अंशाला पाइपच्या लांबीच्या दिशेनं गुरुत्वाचा जो हिस्सा उरतो तो चंद्रावरच्या गुरुत्वाइतका. २२ अंशाला मंगळाइतका. नळीच्या आडव्या बाजूनं गुरुत्व शिल्लक असतंच, पण तुमच्या बारीक नळीत त्याला फारसं वजन नाही हे वर पाहिलं. म्हणजे तुमच्या पाइपपुरती ही चाचणी बऱ्यापैकी प्रामाणिक आहे, आणि तिला वेळेची मर्यादा नाही. प्रत्येक कोनाला तासभर द्या, तापमान स्थिर होऊ द्या, मग वॅट वाढवा. वळणं कमी असतील तर आडवा केल्यावर पाइप बहुतेक सुरूच होणार नाही. वळणं पंधरा-वीसच्या वर गेली की कोन बदलून फारसा फरक पडेनासा होतो. कोणत्याही कोनाला सारखं चालणारा पाइप सूक्ष्मगुरुत्वातही चालण्याची शक्यता चांगली. आपल्याकडे या विषयावर कानपूर आयआयटीतले प्रा. समीर खांडेकर यांनी मोठं काम केलं. डिसेंबर २०२३ मध्ये ते अचानक गेले. त्यांचे पल्सेटिंग हीट पाइपवरचे शोधनिबंध मिळवून वाचा. पाइपच्या आत काय चाललंय हे इतक्या नीट मांडलेलं फार कमी ठिकाणी सापडेल.

पाटीच्या बाबतीत माझी एक चूक सांगतो, ती तुमच्या हातून होऊ नये. सुरुवातीच्या वर्षांत मी अमोनिया भरलेल्या, आतून खाचा असलेल्या अॅल्युमिनियमच्या एक मीटर लांब पाइपची चाचणी घेत होतो. उपग्रहांच्या पॅनेलमध्ये असेच पाइप पुरलेले असतात. आकडे अपेक्षेपेक्षा चांगले येत होते आणि मी खुशीत होतो. तिसऱ्या दिवशी एका वरिष्ठांनी येऊन काही न बोलता टेबलावर पाणसळ ठेवली. बुडबुडा एका बाजूच्या रेघेला चिकटलेला होता, मध्यावर नव्हता. एका पायाखालची फरशी खचली होती आणि थंड टोक तापल्या टोकापेक्षा २ मिलिमीटर वर होतं. दोन मिलिमीटर! पण ०.६ मिलिमीटर रुंदीच्या खाचेत अमोनिया केशाकर्षणानं जेमतेम ११ मिलिमीटर चढतो. माझ्या पाइपला त्याच्या सगळ्या ताकदीच्या सहाव्या हिश्श्याएवढी मदत फुकट मिळत होती. टेबल तीन पायांचं केलं, पायाखाली स्क्रू घातले, पाइप मुद्दाम २ मिलिमीटर उलटा ठेवला, आणि आकडे खाली आले. ते खरे आकडे होते.

त्याच पाइपनं दुसरी गोष्ट शिकवली. भरताना द्रव थोडं जास्त पडलं तर जमिनीवर ते नळीच्या तळाशी डबकं होऊन बसतं. आडव्या पाइपमध्ये हे डबकं टोकापासून टोकापर्यंत पोचतं आणि खाचांचं काम गुपचूप स्वतः करतं. जमिनीवर पाइप दणकट वाटतो. वर गेल्यावर डबकं राहत नाही, ते जास्तीचं द्रव वाफेच्या रेट्यानं थंड टोकाला जाऊन बुचासारखं बसतं आणि तेवढा कंडेन्सर, म्हणजे वाफेचं द्रव करणारा भाग, निकामी होतो. जमिनीवर आडवा ठेवला म्हणजे गुरुत्व गेलं, असं समजणाऱ्यांची इथेच फसगत होते. म्हणूनच १९६३ साली लॉस अलामोसमध्ये जॉर्ज ग्रोव्हर यांनी हीट पाइप करून दाखवला तरी तो प्रत्यक्ष कक्षेत जाऊन येईपर्यंत शंका उरली होती. १९६७ साली पाण्याचा एक पाइप अजिना यानावरून वर गेला आणि चालला, मग उपग्रहवाल्यांनी त्याला घरात घेतलं. तुमच्या बारीक नळीत डबकं होणार नाही, पण द्रव किती भरलं ते ग्रॅमच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत तोलून लिहून ठेवाच.

(अमोनिया स्वतः वापरायच्या भानगडीत पडू नका. तो हाताळायचा कसा हे बघायचं असेल तर बर्फाच्या कारखान्यात ओळख काढून एक फेरी मारा. सगळी नळी लोखंडाची दिसेल, तांब्याची एकही नाही, कारण ओलसर अमोनिया तांबं खातो. पाणी आणि अॅल्युमिनियम यांचंही जमत नाही, हायड्रोजन सुटतो. तुमची पाणी-तांब्याची जोडी उत्तम आहे.)

आता विहीर. खोकं एकच असेल तर हवा त्याला अडवते. ४० सेंटिमीटर चौरस तळाचं २० किलोचं खोकं तळाशी पोचताना सेकंदाला १४ मीटर वेगानं जात असेल, आणि तेव्हा हवेचा विरोध त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका असेल. म्हणजे शेवटी शेवटी तुमचा पाइप चंद्राच्या गुरुत्वापासून फार लांब नसेल. उपाय जुना आहे: खोक्यात खोकं. बाहेरचं खोकं हवा झेलतं, आतलं त्याच्या पोटात कशालाही न टेकता पडतं. बाहेरचं ४० किलोचं केलंत तर एवढ्या वेळात ते आतल्यापेक्षा नऊदहा सेंटिमीटर मागे पडेल, तेव्हा आतल्या खोक्याखाली १५ सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा. दोरी आतल्या खोक्याला बांधा, ती बाहेरच्या खोक्याच्या छताला पाडलेल्या भोकातून वर घ्या, आणि बाहेरच्या खोक्याचं छत आतल्याच्या टाळूवर टेकू द्या. दोरी सुटली की दोन्ही एकदम सुटतात. सोडताना विळ्यानं दोरी कापू नका, धक्का बसतो आणि पहिला पाव सेकंद वाया जातो. शेवटचा वीतभर भाग नायलॉनच्या दोरीचा करा, त्याला निक्रोमची तार गुंडाळा, बॅटरीनं तार तापवा, दोरी वितळून सुटेल. आत वेगवर्धन मोजणारी चिप बसवाच. पडताना तिनं शून्याच्या किती जवळ दाखवलं हा आकडा नसेल तर बाकीच्या आकड्यांवर कोणी विश्वास ठेवणार नाही.

झेलायला भाताच्या तुसाची पोती. ब्रेमेनमध्ये थर्मोकोलच्या बारीक मण्यांनी भरलेल्या पिंपात खोकं झेलतात, तूस त्याच जातीचं काम करतं. खोकं तुसात ७० सेंटिमीटर रुतून थांबलं तर धक्का १५ पट गुरुत्वाचा बसेल. काच फोमवर बसवलेली असेल तर टिकेल. त्याच वजनाचे चिरे भरून आधी पाच वेळा सोडा आणि दर वेळी चिपवरचा आकडा बघा, मगच पाइप आत ठेवा.

आणि विहिरीत कोणीही उतरायचं नाही. कोकणात दर काही वर्षांनी ही बातमी वाचायला मिळते: विहीर साफ करायला एक उतरला, तो वर आला नाही, त्याला बघायला दुसरा उतरला. बंद पडलेल्या विहिरीच्या तळाशी प्राणवायू कमी असतो, जड वायू साचलेला असतो, आणि वरून काही कळत नाही. जुने लोक कंदील सोडून बघायचे. कंदील विझला तर उतरू नये हे खरं, पण कंदील जळत राहिला म्हणजे सगळं ठीक असं मात्र नाही, विषारी वायू थोडाही पुरतो. पोती दोरीनं सोडा, खोकं दोरीनं ओढा, पोती उलटली तर गळानं सरळ करा. सगळं काम काठावरून होईल अशीच मांडणी करा. ते जमत नसेल तर विहीर सोडून द्या आणि पाण्याच्या टाकीच्या लोखंडी मनोऱ्याची रीतसर परवानगी काढा. उंची कमी मिळाली तर सेकंदही थोडे कमी होतील, ते चालेल.

विमानाबद्दल थोडक्यात, कारण तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख आहे. फ्रान्समध्ये बोर्दोहून एअरबस ए३१० उडतं, एका फेरीत ३१ वेळा कमानीसारखं वर जाऊन खाली येतं, दर वेळी साधारण २२ सेकंद गुरुत्व नाहीसं होतं. तुमच्या ठोकळ्याला २२ सेकंदांत सात अंशांहून जास्त चढता येईल, म्हणजे पाइप बंद पडला तर तापमानात दिसेल. पण त्या २२ सेकंदांच्या आधी २० सेकंद १.८ पट गुरुत्व असतं. पाइप त्यातून नुकताच बाहेर आलेला असतो, सगळं पाणी खालच्या टोकाला दाबून बसलेलं. पुढच्या २२ सेकंदांत दिसतं ते त्या दाबातून सुटतानाचं वागणं. स्थिर अवस्था तिथेही मिळत नाही, ती हवी तर कक्षेतच जावं लागतं. आपल्याकडे त्यासाठी इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटचा चौथा टप्पा आहे. उपग्रह सोडून झाल्यावर तो टप्पा कक्षेतच फिरत ठेवून त्यावर प्रयोग करतात, त्याला पोएम म्हणतात. ३० जून २०२२ ला पीएसएलव्ही-सी५३ बरोबर पहिला गेला. ३० डिसेंबर २०२४ च्या पोएम-४ वर २४ प्रयोग होते, त्यांत बाहेरच्या संस्थांचेही होते, आणि एकात चवळीचं बी रुजलं. हा रस्ता इन-स्पेस या, बाहेरच्या संस्थांच्या अंतराळ-कामांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेमार्फत जातो आणि त्याला एका वर्षाचा प्रकल्प पुरणार नाही. पण तुमच्या कॉलेजनं पुढच्या तीन तुकड्यांकडून हेच काम पुढे नेलं तर का पोचू नये? तिथे अर्ज करताना तुमच्याकडे पाटीवरचे आकडे आणि विहिरीतली चित्रं असतील, तर तुमचं म्हणणं नुसतं कागदावरचं राहणार नाही.

क्रम असा ठेवा. पावसाळ्यात पाटीचं काम उरका. मात्र लाइट जाईल तेव्हा हीटर इन्व्हर्टरवर ठेवा, एकदा खंड पडला की तो तास पुन्हा करावा लागतो. दिवाळीनंतर काचेचे सांधे. शिमग्यापर्यंत चिरे भरून खोक्याच्या उड्या, टाकीवरून किंवा दुसऱ्या एखाद्या उंचीवरून. विहीर कोरडी पडली की पाइप. तूस भाताची झोडणी झाल्यावर गिरणीत मिळतं आणि वीटभट्टीवाले ते लगेच उचलतात, तेव्हा वीसेक पोती आत्ताच गिरणीवाल्याला सांगून ठेवा. पाटीवरच्या पहिल्या चार कोनांचे आकडे आले की मला पाठवा, त्यांत आडवा कोन नक्की असू द्या.